थर्माकोलचा मणी हवेत तरंगवायचाय? अल्ट्रासॉनिक लेव्हिटेटर घरी बनवायची पूर्ण पद्धत

दोन छोट्या डब्या समोरासमोर, मध्ये जेमतेम दोन बोटं मोकळी जागा आणि त्या जागेत थर्माकोलचा एक पांढरा मणी. दोरा नाही, चुंबक नाही, खालून फुंकणारा पंखा नाही. मणी किंचित थरथरतो पण जागा सोडत नाही. मध्ये कागद सरकवला की मात्र टपकन खाली पडतो, कारण त्याला धरून ठेवणारा आवाज अडला. हो, आवाजच. फक्त तो इतका उंच पट्टीतला आहे की आपल्या कानाला पत्ताच लागत नाही.

याला अकूस्टिक लेव्हिटेटर म्हणतात, आणि त्या डब्या म्हणजे अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्युसर, वीज दिली की असा आवाज सोडणारे छोटे पार्ट. मी आधी दोन डब्यांचा छोटा बनवला, मग बहात्तर डब्यांचा मोठा, आणि मोठ्यावर जेवढा वेळ गेला त्यातला निम्म्याहून जास्त एकाच चुकीपायी गेला. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. पायरी ५ बाकीच्यांपेक्षा बरीच लांब झालीय, ती प्लीज गाळू नका, खरा खेळ तिथेच आहे.

सोल्डरिंग थोडंफार येत असेल आणि आर्डुइनोवर (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) एकदा तरी एलईडी लुकलुकवला असेल तर एवढं पुरेसं आहे. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री वगैरे लागत नाही.

आधी थोडक्यात: मणी तरंगतो कसा

हे वाचायचा कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढे काही अडलं की उत्तर इथेच सापडतं.

समोरासमोरच्या दोन डब्या एकाच सुरात आवाज सोडतात तेव्हा दोन्हीकडून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि हवेत ठरावीक जागी अशा जागा तयार होतात की जिथे दाब जवळपास हलतच नाही. शाळेच्या पुस्तकात यांना निस्पंद बिंदू म्हणायचे, बनवणारे लोक नुसतं नोड म्हणतात. हलकी वस्तू आजूबाजूच्या दाबामुळे ढकलली जाऊन या नोडपाशी येऊन बसते. अगदी नोडवर नाही, वजनामुळे केसभर खाली.

ही गोष्ट काही आजची नाही. ऑगस्ट कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आत आवाज सोडला, तेव्हा भुकटी ठरावीक अंतरावर आपोआप गोळा झाली. आपण तेच करतोय, फक्त नळी उभी केलीय आणि काच काढून टाकलीय.

आता आकडे. आपल्या डब्या ४० किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. २० अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला ४० हजारांनी भागलं की एका लाटेची लांबी येते साधारण ८.६ मिलिमीटर, आणि नोड येतात तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे दर ४.३ मिलिमीटरला एक. हा ४.३ कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. वस्तू केवढी असावी हेही यावरूनच ठरतं: ४ मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू बसायला जागाच नाही, दोन-तीन मिलिमीटरची मस्त बसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे यंत्र ताकदीवर चालत नाही, वेळेवर चालतं. झोक्याला दहा जण धक्का देत असतील आणि त्यातले तिघं तो परत येताना देत असतील तर झोका वर जाणार नाही, मग बाकीच्यांनी कितीही जोर लावू दे. डब्यांचंही तसंच.

१. छोटा आधी, मोठा नंतर

दोन मॉडेल आहेत आणि तुम्ही दोन्ही बनवावेत असं माझं मत आहे, याच क्रमाने.

छोट्यात फक्त दोन डब्या. एका संध्याकाळी होतो, थर्माकोलचा मणी उचलतो, पाणी उचलत नाही. पण प्रोग्रॅम बरोबर आहे का, मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या कमजोर सिग्नलला डब्या चालवण्याइतका जोर देणारा बोर्ड) नीट चालतो का, नोड म्हणजे नक्की काय, हे सगळं यावर डोळ्यांनी बघायला मिळतं.

मोठ्याचं नाव टायनीलेव्ह. ब्रिस्टल विद्यापीठात असिएर मार्सो, एड्रियन बार्न्स आणि ब्रूस ड्रिंकवॉटर यांनी तो तयार केला आणि २०१७ मध्ये भागांच्या यादीसकट सगळी कृती जगासमोर खुली केली. त्याआधी असे लेव्हिटेटर म्हणजे धातूचे अगदी अचूक घडवलेले हॉर्न आणि १०० व्होल्टच्या वरचा दाब, शिवाय ते तापले की त्यांचा सूर बदलायचा. या मंडळींनी बाजारात सहज मिळणाऱ्या ७२ डब्या दोन वाट्यांत बसवल्या आणि साधारण १० वॉटमध्ये काम भागवलं. पाण्याचे थेंब, काचेचे बारीक गोळे, छोटे इलेक्ट्रॉनिक पार्ट असं बरंच काही त्यांनी त्यात तरंगवून दाखवलंय. घनता म्हणाल तर पाण्याच्या दुपटीहून जास्त, घन सेंटीमीटरला २.२ ग्रॅमच्याही वर.

२. सामान

छोट्यासाठी:

- आर्डुइनो नॅनो
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर बोर्ड
- एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर, एकच पुरे, त्याच्या दोन डोळ्यांसारख्या डब्या आपल्याला हव्यात
- ९ ते १२ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर, जंपर वायर्स
- डब्या समोरासमोर धरायला काहीही, लाकडाची पट्टी, जाड पुठ्ठा, जे असेल ते

मोठ्यासाठी वरचाच नॅनो आणि ड्रायव्हर चालतो, शिवाय:

- १० मिलिमीटर व्यासाच्या, ४० किलोहर्ट्झच्या ७२ डब्या, म्हणजेच अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्युसर
- थ्रीडी प्रिंट केलेला साचा, दोन वाट्या आणि त्यांना जोडणारे खांब
- उघडी तांब्याची तार आणि प्लॅस्टिकचं कव्हर असलेली वायर
- व्होल्टेज कमीजास्त करता येईल असा पॉवर सप्लाय, त्यावर करंट दिसत असेल तर फारच छान
- सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर, हॉट ग्लू, लाल परमनंट मार्कर

खरेदीत लोक हमखास फसतात ते असं. एक, सेन्सरमधल्या डब्या १६ मिलिमीटरच्या असतात आणि साचा १० चा, त्यामुळे आधी साचा ठरवा आणि मग व्यास बघून ऑर्डर द्या. दोन, पार्किंग सेन्सरसारख्या पुढून बंद, वॉटरप्रूफ डब्या घेऊ नका, समोर जाळी असलेल्या उघड्या तोंडाच्याच घ्या. तीन, बरोब्बर ७२ मागवू नका. ८० मागवा आणि सगळ्या एकाच लॉटमधल्या मागवा, चार-पाच तरी मुक्या किंवा मार खाल्लेल्या निघतात आणि नंतर वेगळ्या लॉटमधल्या भरल्या की त्यांचा सूर जुळत नाही.

३. नॅनोमध्ये प्रोग्रॅम

तयार प्रोग्रॅम टायनीलेव्हच्या कृतीसोबत मिळतो, तो टाकला तरी चालेल. पण आत काय चाललंय ते समजून घ्या, पुढे मणी वरखाली हलवायचा असेल तर उपयोगी पडेल.

नॅनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. आपण टायमरला सांगतो की दर २०० ठोक्यांनी पिना उलट कर, वरची खाली आणि खालची वर. म्हणजे सेकंदाला ८० हजार वेळा उलटापालट आणि एक वर-एक खाली मिळून एक पूर्ण लाट, झाले ४० हजार. इथे एक बारीक गोष्ट आहे, टायमर शून्यापासून मोजतो त्यामुळे २०० ठोके हवे असतील तर रजिस्टरमध्ये १९९ लिहायचं. २०० लिहिलंत तर ३९.८ किलोहर्ट्झ येतं, डब्या तरी चालतात, पण मुळात बरोबरच का लिहू नये.

आउटपुटसाठी ए० ते ए३ या चार पिना वापरतात. नाव अ‍ॅनालॉग असलं तरी त्या डिजिटल म्हणून मजेत चालतात आणि चारही एकाच पोर्टवर असल्यामुळे एकाच झटक्यात बदलतात. हे महत्त्वाचं आहे. साध्या डिजिटलराइटने एकेक पिन बदलायला गेलात तर मधे वेळ जातो आणि लाटा मागेपुढे होतात.

कॉम्प्युटरला नॅनो दिसतच नसेल तर तो बिघडलाय असं समजून फेकू नका, बऱ्याच नॅनोंवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. आधी केबलही बदलून बघा, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

४. छोटा लेव्हिटेटर

सेन्सरवरच्या दोन्ही डब्या सोल्डर तापवून काढून घ्या. एकीवर टी आणि दुसरीवर आर लिहिलेलं असेल, टी म्हणजे पाठवणारी, आर म्हणजे ऐकणारी, पण आपण दोघींनाही बोलायलाच लावणार आहोत आणि त्या बोलतात.

जोडणी अशी: ए० ते ए३ अनुक्रमे ड्रायव्हरच्या आयएन१ ते आयएन४ ला. आउट१ आणि आउट२ वर एक डबी, आउट३ आणि आउट४ वर दुसरी. ड्रायव्हरवरचे ईएनए आणि ईएनबीचे जंपर काढायचे नाहीत. नॅनोचा ग्राउंड आणि ड्रायव्हरचा ग्राउंड एकमेकांना जोडलाच पाहिजे, हे विसरलं की सगळं बरोबर दिसतं आणि काहीच चालत नाही, तासन् तास माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. ड्रायव्हरमधूनच नॅनोला ५ व्होल्ट देता येतात, बोर्डवरचा रेग्युलेटरचा जंपर लावलेला असताना, पण १२ व्होल्टच्या वर सप्लाय जाणार असेल तर तो जंपर काढा आणि नॅनोला यूएसबीवरून पॉवर द्या.

आता डब्या समोरासमोर धरा, एक खाली एक वर, मध्ये साधारण दोन सेंटीमीटर. खालची पक्की बसवा आणि वरची सरकवता येईल अशी ठेवा. चालू केलं की काहीच ऐकू येणार नाही, यायलाही नको. चिमट्यात दोन मिलिमीटरचा मणी धरून मधोमध न्या आणि वरची डबी अगदी हळू, केसाकेसाने वरखाली करा. एका ठिकाणी चिमट्यातल्या मण्याला ओढ जाणवेल. तिथे सोडा.

पहिल्या फटक्यात नाही राहिला तर वैतागू नका. बरोबर अंतर दर ४.३ मिलिमीटरने परत परत येतं, म्हणजे पाच मिलिमीटरच्या टप्प्यात कुठेतरी ते असतंच. आणि अंतर जमलं की एक नाही, दोन-तीन मणी एकावर एक माळेसारखे राहतात, मधलं अंतर पट्टीने मोजून बघा, तोच आकडा मिळेल.

इथे कुठल्या डबीचा प्लस कुठे लावला याने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक बाजूला एकच डबी आहे. वायर उलट केल्या तर नोड पाव लाटेने, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरने सरकतात एवढंच. मोठ्यात मात्र हीच गोष्ट सगळं ठरवते.

५. प्रत्येक डबीची पोलॅरिटी (कुठला पाय प्लस, कुठला मायनस) तपासा, सोल्डर करण्याआधी

मोठ्या लेव्हिटेटरमध्ये एका वाटीत ३६ डब्या एकाच तारेवर असतात. छत्तीसच्या छत्तीस एकाच वेळी पुढे ढकलल्या पाहिजेत. एक उलटी लागली की ती स्वतः तर काम करत नाहीच, वर दुसऱ्या एकीचं काम पुसून टाकते. नऊ उलट्या लागल्या तर छत्तीसमधल्या अठराच उरल्या.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. डबीच्या एका पायापाशी विकणाऱ्याने खूण केलेली असते, मी ती खूण खरी धरली आणि बहात्तरच्या बहात्तर लावून, सोल्डर करून मोकळा झालो. चालू केलं, करंट बरोबर, मणी मात्र राहीना. व्होल्टेज वाढवलं, तरी नाही. साचा वाकडा आला असेल म्हणून दुसरा प्रिंट काढायला घेतला. शेवटी एकेक डबी सुटी करून तपासली तेव्हा कळलं की खालच्या वाटीतल्या नऊ जणींची खूणच चुकीच्या पायावर होती. सोल्डर काढताना तीन डब्यांचे पाय हातात आले ते वेगळंच.

म्हणून, खूण असो वा नसो, प्रत्येक डबी तपासायची. पद्धती दोन.

ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) असेल तर काम दहा मिनिटांचं. प्रोबचं टोक एका पायाला, ग्राउंडचा चिमटा दुसऱ्याला. बारीक तार जाळीच्या भोकातून आत घालून मधल्या शंकूला अगदी हलका टोचा द्या. स्क्रीनवर उसळी वर गेली की प्रोबचा पाय प्लस, खाली गेली की मायनस.

ऑसिलोस्कोप नसेल तर नॅनोच वापरा. डबीचा एक पाय ए० ला, दुसरा ग्राउंडला आणि दोन्ही पायांमध्ये एक ते दहा मेगाओमचा रेझिस्टर. अ‍ॅनालॉग वाचन सिरियल प्लॉटरवर, म्हणजे आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखाच्या खिडकीत लावा, वेग जास्तीत जास्त ठेवा. तार टोचल्याबरोबर रेघ उसळली तर ए० चा पाय प्लस. टोचताना शांत आणि तार सोडताना उसळली तर उलटं. हे दाबणं आणि सोडणं वेगवेगळं कळायला हवं, त्यामुळे पटकन टोचू नका, दाबा, एक सेकंद थांबा, सोडा. पहिल्या चार-पाच डब्यांना गोंधळ होतो, नंतर हात बसतो. शंकू नाजूक असतो, जोर लावलात तर डबी गेली.

प्लस पाय कळला की त्याच्या बाजूला डबीच्या कडेवर लाल मार्करने ठिपका द्या. सगळ्यांना एकाच दिशेने प्लस म्हटलं तरी पुरे, खरा प्लस कुठला याला अर्थ नाही, सगळ्या सारख्या असणं याला अर्थ आहे. उसळी अगदी लहान आली किंवा आलीच नाही तर ती डबी बाजूला काढा. म्हणूनच ८० मागवायच्या.

ऐंशी डब्यांना दीड-दोन तास लागतात. एका बैठकीत करा, मध्ये उठलात तर कुठल्या तपासल्या आणि कुठल्या नाही ते विसरायला होतं. मी शेवटी तपासलेल्यांसाठी वेगळा डबाच ठेवला.

६. बसवणं आणि वायरिंग

प्रत्येक वाटीत तीन गोल रांगा, आत ६, मग १२, बाहेर १८. डबी भोकात बसवताना लाल ठिपका वाटीच्या मध्याकडे. सगळ्या वाटीत, एकही अपवाद नाही. डबी पूर्ण टेकली पाहिजे, तिरकी बसली तर तिचा आवाज भलतीकडे जातो. मागून हॉट ग्लूचा ठिपका पुरे, पुढच्या जाळीवर ग्लू जाऊ देऊ नका. प्रिंटमधली भोकं घट्ट आली असतील तर हातोडीने ठोकू नका, कानसाने मोठी करा.

मग मागच्या बाजूने उघड्या तारेची कडी करून रांगेतले सगळे आतले पाय एकत्र, दुसऱ्या कडीने सगळे बाहेरचे पाय एकत्र. तिन्ही रांगांच्या आतल्या कड्या एकमेकींना जोडा, बाहेरच्याही तशाच. शेवटी एका वाटीतून दोनच वायर बाहेर येतात. सोल्डरिंग करताना प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंदांच्या वर टीप ठेवू नका, आतला पिझो, म्हणजे कंप पावून आवाज काढणारा तुकडा, जास्त तापला की त्याचा दम जातो.

दोन्ही वाट्या झाल्या की मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन वायरींमध्ये शॉर्ट आहे का बघा. पी वाजला तर कुठेतरी आतली कडी बाहेरच्या पायाला टेकलीय, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. उघडी तार वापरल्यामुळे हे होतंच, माझ्या दोन्ही वाट्यांत झालं होतं.

ड्रायव्हरला जोडणी छोट्यासारखीच, आउट१-२ वर खालची वाटी, आउट३-४ वर वरची.

७. पॉवर देताना

सप्लाय ७-८ व्होल्टवर ठेवून चालू करा आणि करंटकडे बघा. हळूहळू १० पर्यंत न्या, साधारण एक अँपिअरच्या आसपास दिसला पाहिजे. करंट लिमिट असेल तर दीड अँपिअरवर लावून ठेवा. शून्याच्या जवळ दिसला तर एखादी वाटी जोडलेलीच नाही, आणि एकदम लिमिटला जाऊन धडकला तर शॉर्ट.

ड्रायव्हर चांगला तापतो, या चिपकडून आपण तिच्या मर्यादेच्या टोकावर काम करून घेतोय, त्यामुळे हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काढू नका आणि सलग अर्धा-अर्धा तास चालवू नका.

काळजीच्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही असं नाही, वाट्यांच्या मध्ये तो फार जोरात असतो, कान जवळ नेऊ नका. आणि घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यांना हा आवाज ऐकू येतो. त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा आणि मगच चालू करा.

८. पहिला मणी

पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. आणि तोंड लांब ठेवा, वाकून बघताना सुटलेला श्वाससुद्धा मण्याला उडवतो.

धातूचा रुंद चिमटा मध्ये गेला की आवाज त्यावर आपटून परततो आणि नोड विस्कटतात, मणी चिमट्याला चिकटून बाहेर येतो. अगदी निमुळता चिमटा घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तारेच्या लहान कडीवर विरळ जाळीचं कापड ताणून चमचा करा. जाळीतून आवाज आरपार जातो, त्यामुळे मणी जाळीवर ठेवून मध्ये नेला की तो आपणच उचलला जातो आणि मग चमचा हळूच खाली काढून घ्यायचा. हा चमचा केल्यापासून मी चिमट्याला हात लावलेला नाही.

वर-खालची पकड मजबूत असते, बाजूची कमजोर. त्यामुळे मणी पडतो तो बहुतेक वेळा आडवा सटकून. बरोबर मधल्या रेषेत ठेवला तरच टिकतो.

मणी राहत नसेल तर या क्रमाने बघा: दोन्ही वाट्या चालू आहेत का, एकेक वायर काढून करंट कमी होतो का. मग वाट्या एकमेकींसमोर सरळ आहेत का. मग व्होल्टेज. आणि एवढं करूनही नसेल राहत तर परत पायरी ५, तिथे शॉर्टकट मारला असेल तर तो इथे दिसतो. मणी राहतो पण गोल गोल फिरत भरकटतो आणि उडून जातो, असं असेल तर व्होल्टेज जास्त आहे, थोडं उतरवा.

तापमान बरंच बदललं तर नोडही सरकतात, दर अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. मोठ्यात ते फारसं जाणवत नाही, छोट्यात मात्र सकाळी जमलेलं अंतर दुपारी परत जुळवावं लागतं.

मणी स्थिर झाला की प्रोग्रॅममध्ये एका वाटीची लाट दुसरीपेक्षा थोडी थोडी मागे सरकवत जा. नोड सरकतात आणि मणीही त्यांच्याबरोबर वर चढतो किंवा खाली उतरतो. हात न लावता मणी एकेक पायरी वर जाताना बघणं, यासाठी सगळी मेहनत वसूल आहे.

काय तरंगवावं यावर माझं एक स्पष्ट मत आहे: जिवंत मुंगी किंवा किडा ठेवू नका. प्रयोगशाळेत त्याला काही कारण असतं, आपल्याला गंमत सोडून काहीच कारण नाही. कागदाचा कपटा, बारीक एलईडी, मोहरीचा दाणा, भरपूर गोष्टी आहेत.

९. पाण्याचा थेंब

हे शेवटी, कारण हे अवघड आहे. आधी खालच्या वाटीवर पातळ, विरळ कापड अंथरा, पहिले दहा-पंधरा थेंब डब्यांवरच पडणार आहेत आणि जाळीतून पाणी आत गेलं की डबी संपली.

बारीक सुईची सिरिंज घ्या, सुईचं टोक नोडच्या जागी आडवं न्या आणि थेंब हळू फुगवा. मण्याने आधी नोडची जागा शोधून ठेवली असेल तर बरं पडतं. थेंब दोनेक मिलिमीटरचा झाला की सुई झटकन नाही, सावकाश मागे ओढा. पाण्याचा थेंब सुईला चिकटून राहतो, तिथे बरेच जण हरतात. स्पिरिटचा थेंब सुटायला सोपा, त्यावर हात बसवा आणि मग पाण्याकडे या, फक्त तेव्हा सोल्डरिंग गन टेबलावर गरम नसावी, स्पिरिट पेट घेतं.

व्होल्टेज इथे फार जपून. कमी पडलं तर थेंब पडतो. जास्त झालं तर तो आधी वरून-खालून दाबला जाऊन चपटा होतो, कडा पातळ होत जातात आणि मग फट् करून फवाऱ्यासारखा फुटतो. चपटा दिसायला लागला की लगेच थोडं उतरवायचं. किंचित चपटा, छोट्या उडदाच्या दाण्यासारखा, तो आकार बरोबर.

अशाच लेव्हिटेटरचा वापर अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत औषधांच्या द्रावणांसाठी झालाय. भांड्याला टेकलेलं द्रावण सुकताना भांड्याच्या भिंतीपासून त्याचे स्फटिक व्हायला लागतात, हवेत तरंगणाऱ्या थेंबाला भिंतच नाही, मग औषध स्फटिक न होता सुकतं आणि तसं औषध शरीरात लवकर विरघळतं.

थेंब टिकला की त्याच्याकडे नुसतं बघत बसू नका, एक हात सप्लायच्या नॉबवर ठेवा. तो सुकत असतो, दर मिनिटाला थोडा लहान होतो आणि लहान झाला की तेच व्होल्टेज त्याला जास्त व्हायला लागतं, तो थरथरतो, कडेला सरकायला बघतो. तेव्हा नॉब अगदी थोडा मागे. थेंब शांत होतो. पुन्हा थोड्या वेळाने थरथरला की पुन्हा थोडा मागे. असं करत करत मी एक थेंब पार दिसेनासा होईपर्यंत हवेत धरून ठेवला होता, शेवटी खालचं कापड हाताने चाचपून बघितलं तर कोरडं होतं.